काईल आन् आमेन

आमच्या चर्चमधी माझ्यासारखी प्रार्थना करनारा दुसरा मानूस न्हाई, ह्ये मी न्हाई, सगळी मंडळीच म्हनत्यात. फकस्त म्हनताना घड्याळाकडं बगत्यात.

माजी शाळा तिसरीपतूर. ती पन मी दोनदा केली. दुसऱ्या वर्साला मास्तरच म्हनलं, बाळा, आता बाकावर दुसऱ्याला बसू दे. त्यामुळं मला लिवाया वाचाया येत न्हाई. ह्ये तुमी वाचताय ते मी फोनात बोललोय आन् माज्या पोरीनं कागदावर उतरवलंय. मधी तिनं माजी बढाई खोडली आसंल तर मला कळायचं न्हाई, तुमाला बी न्हाई.

वाचता येत न्हाई म्हनून मी स्तोत्रं ऐकून ऐकून पाठ केली. एकदा डोळं मिटलं की तोंड आपोआप चालू हुतं, आन् बंद करायची कळ कुटं हाय ते मला आजून घावलं न्हाई. मंडळीचा फोनवर प्रार्थनेचा ग्रुप हाय. कुनाचा पाय मुरगळला, कुनाची परीक्षा आली, की मी लगीच आवाज भरून पाठवतो. बायको म्हनती, "तुमचा एक मेसेज सुरू केला की माज्या दोन म्हशी पिळून हुत्यात."

मी मूळचा पाटनकडचा, डोंगरातला. लगीन झालं ते हिकडं सांगली जिल्ह्यात, कृष्णेकाठी, आन् सासऱ्याच्याच घरात ऱ्हायलो. घरजावई म्हनत्यात त्येच्यातला मी. सासऱ्याला मी मामा म्हनतो. मामा गुळव्या. म्हंजी गुऱ्हाळात उसाचा रस काईलीत उकळताना त्येचा गूळ कवा झाला, ह्ये ज्येला कळतं त्यो मानूस. काईल म्हंजी आमच्या आख्ख्या चर्चला आंघुळीचं पानी तापंल आसली थोरली कढई. तिच्यातला पाक घटकाभर आदी उतरवला तर गूळ बसत न्हाई, पातळ काकवी ऱ्हाती. घटकाभर उशीर झाला तर करपला. मधल्या त्या एवढ्याशा टायमाचा मालक गुळव्या.

गुऱ्हाळात जागा दोन. एक वर, काईलीपाशी. दुसरी खाली, चुलवानाच्या तोंडाशी, वाळली चिपाडं जाळात सारायची. वरच्याला लोक म्हनत्यात, "आवं, जरा बगता का?" खालच्याला म्हनत्यात, "ए, जाळ कमी कर!" मी चौदा वर्सं खाली हुतो.

आन् चौदा वर्सं रोज सकाळी मी प्रार्थना करीत हुतो, देवा, मला गुळव्या कर. देवाला पत्ता पन नीट सांगत हुतो, गुऱ्हाळ कुनाचं, कुटल्या रस्त्याला, परत त्येची चूक हुयाला नगं. मामा वरनं हाक मारायचं, "जावईबापू, वर या. फेस बदलाय लागलाय, बगून घ्या." मी म्हनायचो, "आलो मामा, एवढी गोष्ट संपवतो." कारन तवा मी ऊसतोडीच्या गड्यांना कायतरी गंमत सांगत आसायचो. गंमत संपेपतूर गूळ वाफ्यात पडलेला आसायचा. वाफा म्हंजी काईल वतायचा फरशीचा चौकोन. तितं गूळ गार करून ढेपा भरत्यात.

मामा बी भक्तिमान मानूस, पन त्येंची प्रार्थना आयकायची तर तुमाला पळत जावं लागंल. काईल चढवली की डोक्यावरची टोपी काडायचं आन् म्हनायचं, "बापा, ऊस तुजा, आग तुजी, हात माजा हाय. त्यो चुकू देऊ नगं. आमेन." टोपी परत डोक्यावर. ह्ये बी डोळं उगडं ठिवून. मला लय कीव यायची त्येंची. वाटायचं, एवढ्याशा प्रार्थनेत देव काय नाव तरी लक्षात ठेवील का?

तर ह्या हंगामात मामांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. विश्रामबागेतल्या दवाखान्यात आप्रेशन झालं. डॉक्टर म्हनलं, म्हैनाभर धूर न्हाई, वाफ न्हाई, जाळ न्हाई. म्हंजी गुऱ्हाळ न्हाई.

गुऱ्हाळाचं मालक मिलिटरीतनं सुभेदार हून रिटायर झालेलं. मिशी आजून ड्युटीवर हाय. त्ये घरी आलं, मामांच्या खाटंपाशी उभं ऱ्हायलं आन् म्हनलं, "आता काय करायचं? ऊस तोडून पडलाय. राज्याच्या हद्दीपलीकडचा एक गुळव्या हाय, त्येला बोलवू का?"

मामा खाटंवर उठून बसलं. कारन पलीकडचा गुळव्या आला की त्येची सगळी टोळी घिऊन येतो. चुलवानाला बी त्येचाच मानूस. म्हंजी मामांची येवढ्या वर्साची जागा जानार, आन् तिच्याखालची माजी बी. एकदा गेलेली काईल कोन परत देतंय?

मी मदी तोंड घातलं. "मालक, मी हाय की! चौदा वर्सं मागतोय, आज देवानं माजं ऐकलं."

बायको दारात तांदूळ निवडत हुती. बापाला ती आबा म्हनती. ती मान वर न करता म्हनली, "देवानं तुमचं ऐकलं, पन तुमी आबांचं कवा ऐकलंसा?"

सुभेदार माज्याकडं वरनं खाली बगत ऱ्हायलं, परेडला बगत्यात तसं. म्हनलं, "ठीक हाय. मंगळवारी एक आधन तू उतरव. जमलं तर हंगाम तुजा." आधन म्हंजी एका काईलीचा उकाळा.

मी तयारीला लागलो. तयारी म्हंजी काय, उपास केला. ग्रुपवर मेसेज टाकला, त्यो येवढा लांब झाला की फोन गरम झाला. आख्खी मंडळी माज्यासाटी गुडघ्यावर आली. पाळकसाहेबांनी परत आवाज भरून पाठवला की रविवारी सुगीचा सन हाय, तुमच्या हातची पयली ढेप देवापुडं ठिवू. सुगीच्या सनाला आमच्याकडं चर्चच्या दाराला उसाची कमान करत्यात, आन् ज्येनं त्येनं आपल्या हातचं पयलं आनायचं, भोपळा, जोंदळा, द्राक्षं, काय आसंल ते. मी लगीच "व्हय" म्हनलो. काईलीला आजून हात न्हाई लावला, आन् ढेप देऊन मोकळा!

ह्या सगळ्यात मामांना इचारायचं तेवडं राहिलं. त्येंनी एकदा हाक बी मारली, "जावईबापू, पाकाची गोळी कशी बगायची ती जरा..." मी म्हनलो, "मामा, तुमी आराम करा. ह्ये इश्वासाचं काम हाय."

मंगळवारी काईल चढली. रस उकळला, मळी वर याया भेंडीचं पानी टाकलं, ती काडली, इतपतूर सगळं गड्यांनाच येत हुतं. मी नुस्ता कंबरंवर हात ठिवून उभा. मग फेस बसला, पाक तांबूस झाला, आन् समदी माज्याकडं बगाय लागली. आता टायम आला हुता. ह्या टायमाला मामा एक थेंब गार पान्यात टाकून त्येची गोळी करायचं, काईलीच्या कडंवर मारायचं, आवाज आयकायचं. मी काय केलं? मी दोनी हात वर केलं आन् डोळं मिटलं.

आता आमच्या गावाकडच्या लोकांची एक गोष्ट सांगतो. गुऱ्हाळात मी आन् मामा सोडून सगळं हिंदू. पन कुनी देवाचं नाव घ्यायला लागलं की कुनाचा बी देव आसंना, मदी बोलायचं न्हाई, ह्यी रीत. गड्यांनी टोप्या काडल्या. चुलवानावरचा उठून उभा ऱ्हायला. सुभेदार तर पाय जुळवून सावधान! सगळी मान खाली घालून गप, आन् मी सुरू. आब्राहामापासनं धरलं. मोशेला समुद्रातनं पार केलं. दानिएलाला सिंहांच्या गुहेतनं बाहेर काडला. मदीच एक वास आला, जड, गोडसर. मला वाटलं देवानं अर्पन कबूल केलं, त्येचाच वास हाय. म्हनून आनि जोर लावला.

"आमेन" म्हनून डोळं उगडलं तर काईलीत डांबर.

मग रस गाळनारा एक म्हातारा गडी टोपी घालत म्हनला, "पावनं, प्रार्थना झकास झाली. गूळ मातूर मेला."

मी सुभेदारांना म्हनलो, "मालक, तुमाला दिसत हुतं की! हाक का मारली न्हाईसा?"

"प्रार्थना चालू आसताना मदी बोलायचं?" सुभेदार म्हनलं. "मिलिटरीत शिकीवलंय आमाला. तू शिस्तीत जाळलास, मी शिस्तीत बगत ऱ्हायलो."

करपलेला गूळ जनावरांना घालत्यात म्हनून मी एक ढेकूळ घरी आनलं. आमच्या थोरल्या म्हशीनं आदी वास घेतला, मग माज्याकडं बगितलं, मग तोंड फिरवलं. बायको म्हनली, "तिला बी कळतंय. तिला गुळव्या करा."

सुभेदारांनी निरोप धाडला, शनवारी आनि एक आधन. मामांच्या तोंडाकडं बगून. शनवारी चुकलं तर रविवारी पलीकडची टोळी येनार, आन् मग बोलायचं कारन न्हाई.

त्या दिवशी पयल्यांदा मला जेवान गेलं न्हाई. आदल्या दिवशीचा उपास देवासाटी हुता, ह्यो भ्यानं झाला. मामा अंगनात खुर्चीवर बसलं हुतं, डोळ्याला आप्रेशनचा काळा चष्मा. लांबनं शिनिमातला हिरो दिसायचं. मी जाऊन पायापाशी बसलो. म्हनलो, "मामा, मला शिकीवलं का न्हाईसा?"

"शिकीवलं की. चौदा वर्सं," मामा म्हनलं. "तुमी वर आलाच न्हाईसा."

आमचा सासरा शिव्या देताना बी तुमी म्हनतो. लय लागतं त्ये.

मग मी म्हनलो, "म्हंजी माजी प्रार्थना वायाच म्हना की."

मामा उलसं हसलं. म्हनलं, "कोन म्हनतंय? दवाखान्यात मला आत नेत हुते तवा माजं हातपाय गार पडलं हुतं. तुमी शेजारी उभं राहून ती लांबलचक प्रार्थना केलीसा. मला लय बरं वाटलं. म्हनलं, ह्यो गडी काय आता थांबत न्हाई, तवर आपल्याला काय हुत न्हाई." मग म्हनलं, "तितं माज्या हातात काय नव्हतं, जावईबापू. काम डॉक्टरचं, राखन देवाची. मी नुस्तं पडून आयकायचं. काईलीपाशी हात आपला आसतोय. तितं लांब लावून कसं चालंल?"

मी लय प्रवचनं ऐकली, काई काई तर झोपंतनं बी ऐकली. पन ह्ये आंगनातलं ध्यानात ऱ्हायलं.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळातनं रसाचं दोन कॅन आनलं. बायकोनं परसात चूल मांडली, लगनातली थोरली कढई चढवली. मामांना धुराच्या वरच्या अंगाला, लांब, खुर्ची टाकून दिली. आता अडचन अशी की त्येंना दिसत न्हाई आन् मला कळत न्हाई. मामा म्हनलं, "काय दिसतंय ते सांगा."

"फेस."

"कसला फेस?"

"पांडरा."

"पांडरा तर तुमचा सदरा बी हाय. नीट बगा आन् सांगा."

आता सांगायचं काम म्हनलं की मी तयार! पन सांगायचं तर बगावं लागतंय, आन् बगायचं तर डोळं उगडं ठिवावं लागत्यात. आयुष्यात पयल्यांदा माजं तोंड आन् माजं डोळं एकाच टायमाला उगडं ऱ्हायलं. मी सांगाय लागलो, "मामा, आता बुडबुडं बारकं हायत, मोहरीगत. आता जरा फुगल्यात, माशाच्या डोळ्यागत. आता सावकाश उटत्यात आन् फुटताना 'फुस' म्हनत्यात, सुभेदार खुर्चीत बसताना म्हनत्यात तसं."

"थांबा," मामा म्हनलं. "फेस बसला. ह्येच्यावर डोळा ठिवा. आता गोळी."

थेंब गार पान्यात टाकला, बोटानं गोळी केली. पयल्यांदा बोट भाजलं, दुसऱ्यांदा बी त्येच बोट भाजलं. गोळी कढईच्या कडंवर मारली. "पच्च" वाजली.

"कच्चा," मामा आन् बायको एकदमच म्हनली.

मी बायकोकडं बगितलं. "तुला बी येतंय व्हय ह्ये?"

"आबांच्या मागं मागं वाढले मी," ती म्हनली. "मला कुनी इचारलंच न्हाई. तुमी तर देवालाच इचारत हुतासा."

पयल्या कढईची काकवी झाली. दुसरीचा गूळ आसा झाला की त्यो काडाया लोखंडी पार आनावी लागली. तिसरीत मी बोलता बोलता गमतीच्या नादाला लागलो, तवा बायकोनं उलथनं दाखवलं. पाचव्या कढईला गोळी वाजली, "टक!" खडा काचंवर मारल्यागत. मी उडी मारली. मामा खुर्चीतनं म्हनलं, "उडी काय मारतासा, उतरा की ती!" तवर ती बी जरा करपली. पन जराच. म्हशीनं खाल्ली.

तीन दिवस मी सकाळी प्रार्थना केली, पन बारकी. खरं सांगायचं तर मी लय पवित्र झालो हुतो म्हनून न्हवं, बोटं भाजली हुती आन् टायम न्हवता. तरी एक झालं. आदी मी देवाला सांगायचो, मला गुळव्या कर. आता सांगाय लागलो, देवा, आज माजं ध्यान इकडं तिकडं जाऊ देऊ नगं. ह्ये मागनं मातूर रोज पुरं झालं. जवळजवळ.

शनवारी काईल चढली. सुभेदार मिशी पिळत उभं. मामा हट्टानं आलं हुतं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब लिंबाखाली खुर्चीवर, चष्मा घालून. बायको काईलीपासनं जरा मागं, पदर खोचून. गड्यांनी मला बगून आपल्या टोप्या आदीच काडून ठिवल्या, आता ह्यो आब्राहामापासनं धरनार म्हनून.

मी माजी टोपी काडली. म्हनलो, "बापा, ऊस तुजा, आग तुजी, हात माजा हाय. त्यो चुकू देऊ नगं. आमेन." आन् टोपी घातली.

म्हातारा गडी म्हनला, "झालं?"

"झालं."

"तब्येत बरी हाय न्हवं?"

मी काईलीवरनं नजर काडली न्हाई. मोहरी गेली, माशाचा डोळा आला. डोळ्यात वाफ जात हुती, पानी येत हुतं, तरी पापनी पाडायचं भ्या वाटत हुतं. चुलवानावर माज्या जागी नवा गडी हुता, त्येला वरडलो, "ए, जाळ कमी कर!" आन् मनात म्हनलो, चौदा वर्सानं का हुईना, मला बी ह्ये म्हनाय घावलं.

गोळी. "पच्च." थांबलो. परत गोळी. आजून मऊ. मागनं बायकोचा श्वास आयकू आला. मला वाटलं आता डोळं मिटावं, एकदाच, बारकं. न्हाई मिटलं. तिसरी गोळी कडंवर मारली.

"टक!"

"उतरा!" मी वरडलो. आन् त्याच टायमाला लिंबाखालनं मामा वरडलं, "उतरा!" त्येवढ्या लांबनं त्येंनी गोळी ऐकली का वास घेतला, आजून सांगत न्हाईत.

साखळीनं काईल उचलली, वाफ्यात पाक वतला. पिवळा, केशरी, सकाळच्या उनासारका. गड्यांनी फावड्यानं फिरवला, त्यो दाट हुत गेला. मग ढेपा भरल्या. मी एक कोमट तुकडा मामांना नेऊन दिला. मामांनी बोटानं दाबला, मोडला, कानाशी नेला, जिभंवर ठिवला. मग तुकड्यातला अर्धा माज्या तोंडात घातला. मी कवाच गप नसतो, पन तवा तोंडात गूळ हुता.

सुभेदारांनी फोन काडला, पलीकडच्या गुळव्याला म्हनलं, "रहने दो, आमचा मानूस तयार हाय." बायकोनं पदरानं माजं तोंड पुसलं. सगळ्या गड्यांदेखत! मी म्हनलो, "आगं, लोक बगत्यात." ती म्हनली, "काजळी हाय. लोकांनी त्येच बगितलं आसतं."

रविवारी चर्चच्या दाराला उसाची कमान. आत टेबलापुडं भोपळं, मक्याची कनसं, तासगावच्या पावन्यांनी आनलेला बेदाना, आन् मदोमद माजी ढेप, लाल कापडावर. सुभेदार बी पोरांना घिऊन आलं हुतं, मागच्या बाकावर ताट बसलं. पाळकसाहेबांनी साऱ्यांना सगळं सांगितलं, करपलेलं बी सांगितलं, लोक पोट धरून हासलं. मी सगळ्यात मोठ्यानं हासलो. मग पाळकसाहेब म्हनलं, "आता उपकाराची प्रार्थना आपल्या नव्या गुळव्यांनी करावी."

नव्या गुळव्यांनी! मी उठलो. पुडं गेलो. बायकोनं जाता जाता माजा सदरा वडून सांगितलं, "बारकी." मी मान हालवली. मनापासनं हालवली.

"बापा," मी म्हनलो, "ऊस तुजा, आग तुजी..." आन् हितपतूर समदं बरं चाललं हुतं. पन ढेपीचा वास आला, आन् मन भरून आलं, आन् मन भरलं की माजं डोळं आपसूक मिटत्यात. मग मी काईलीसाटी उपकार मानलं. चिपाडांसाटी मानलं. डॉक्टरासाटी, त्येच्या चष्म्यासाटी, विश्रामबागेच्या यष्टीसाटी मानलं. म्हशीला इसरलो न्हाई. भाजलेल्या बोटाला इसरलो न्हाई. मग वाटलं, आब्राहामाला वगळून बरं दिसनार न्हाई. आब्राहाम आला तसा मोशे बी आला, आन् मी आवाज जरा चढवला, समुद्र आता दुभंगनार...

तवर पयल्या बाकावरनं, काळ्या चष्म्याच्या मागनं, आमच्या मामांचा आवाज आला, आख्ख्या चर्चला आयकू जाईल आसा,

"जावईबापू, उतरा आता. करपाय लागलं."